दारापुढची ओळ

पंचफुलामावशी आमच्या गल्लीतल्या बायांना नुसत्या नावाने कधी बोलावत नसे. ती दारापुढे उभी राहून एक ओळ गायची. चाल सगळ्यांसाठी एकच, ओळ मात्र प्रत्येक दाराची वेगळी. आपली ओळ ऐकू आली की त्या घरची बाई डबा, पाण्याची कॅन आणि कापूस बांधायचं फडकं घेऊन बाहेर यायची. घाटंजीपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात कापूस वेचायला जाणाऱ्या अकरा बायांची टोळी होती आणि मावशी तिची मुकादमीन होती. दारापुढच्या त्या गाण्याला आम्ही ओळ म्हणायचो. मावशी म्हणायची 'हाक'.

मला लिहिण्याची फारशी सवय नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपरापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. तरी मावशीबद्दल लिहायचं तर या ओळींपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण तिने आयुष्यात जे काही केलं ते गाऊनच केलं.

आमच्या शेजारच्या रजियाचाचीचे मियाँ फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. त्यांच्या अंगणात सतत पंप आणि माणसं. चाचीची ओळ अशी होती:

रजियाच्या दारी पंपाचा बाजार,
चहाले गिऱ्हाईक, कामाले बेजार.

चाची दार उघडताना रोज कुरकुरायची, "फुला, पूरे गाँव को बोलती तू, मैं बेजार है करके." मावशी म्हणायची, "बेजार नसती तं एका हाकेत आली असती. पाय उचल."

त्यापुढचं दार आमचं. माझे बाबा मजुरीने फवारणी करायचे. आमचं वावर नव्हतं. दुसऱ्याच्या पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, ते पाठीवर पंप घेऊन चालायचे आणि त्यांच्याभोवती औषधाचा पांढरा फवारा उडत राहायचा. मावशीने लांबून एकदा ते पाहिलं आणि आईची ओळ तयार झाली:

इंदूचा नवरा पाठीवर ढग,
सूर्य आला दारी, इंदे, बघ.

ही ओळ बाबांना फार आवडायची. कधी आईला उशीर झाला तर तेच आतून ओरडायचे, "मावशी, अजून एक डाव म्हन, हे ऐकून नाई राह्यली." आई लाजायची आणि चिडायची. ती मावशीला नेहमी 'बाई' म्हणायची, कारण मावशी वयाने खूप मोठी. पण ओळीत मावशी सगळ्यांनाच एकेरीत बोलवायची, सरपंचाच्या वहिनीलासुद्धा. कुणी टोकलं तर म्हणायची, "हाकेत मान नसते वं. मान देत बसलं तं ऊन वर येते."

ती दिसायला बुटकी, वाळलेली. पुढचा एक दात पडलेला, त्यामुळे गाताना मध्येच बारीक शीळ निघायची. वेचणीला जाताना लुगड्यावर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट. नवरा कधीच वारलेला आणि एकुलती एक लेक मारेगावकडे दिलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गावात हळद असो की बारसं, पहिलं गाणं मावशीचं. निंदणाचं गाणं वेगळं, वेचणीचं वेगळं. निंदताना एक हात चालतो, वेचताना दोन्ही, म्हणून वेचणीचं गाणं दुडक्या चालीचं. बारशाचं गाणं वावरात म्हण असं मी एकदा म्हटलं तेव्हा तिने मला वेड्यात काढलं. "गान्याले बी वावर लागते, पोरी. ह्या वावरातलं त्या वावरात पेरलं तं उगवत नाई."

भांडणसुद्धा ती गाऊनच करायची. एका मालकाला जेवणाची सुट्टी उशिरा द्यायची खोड होती. तोंडावर बोलावं तर दुसऱ्या दिवशी काम जायचं. एकदा ऊन डोक्यावर येऊन कललं तरी तो वावराच्या धुऱ्यावर नुसता उभा. मी शाळेला सुट्टी म्हणून आईबरोबर गेले होते. मावशी वेचता वेचता गाऊ लागली:

मालकाचं घड्याळ लय गुनाचं,
बारा वाजवे दोनाचं.

अकरा बायांनी ते उचललं. मालक थोडा वेळ ऐकत राहिला, मग त्यालाच हसू आलं. "सोडा बाई डबे," तो म्हणाला. "गावभर नका गाऊ म्हंजे झालं." मावशी डबा उघडत माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाह्यलं? बोललं असतं तं तोंडाळ ठरलो असतो. गायलं तं सुट्टी."

लहानपणी मला एकाच गोष्टीचा हेवा वाटायचा. आपल्यालाही एक ओळ असावी. मी मावशीच्या मागे लागायचे. ती म्हणायची, "तू कुठं झोपते उशिरापर्यंत? जागं असनाऱ्याले हाक कायले पायजे?" मग मी विचारलं, "तुले कोन हाक मारते मंग?" ती म्हणाली, "मले कोन मारनार? कोंबडं बी माह्याच भरवशावर झोपते."

मी बारावीत गेले त्या वर्षीची पऱ्हाटी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडं भरपूर धरली होती, पण फोडलं की आत गुलाबी अळी. त्याआधीची दोन-तीन वर्षंही वाईटच गेली होती, त्यामुळे लोक घाबरले होते. ज्याला त्याला आजच फवारणी पाहिजे होती. बाबा तोंडाला दुपट्टा बांधून सकाळी जायचे ते दिवस मावळताना यायचे. झाडं उंच, म्हणून पंपाची नळी डोक्याच्या वर धरावी लागायची, आणि औषध वाऱ्याने परत अंगावर. एका संध्याकाळी ते भिंतीला धरत धरत आत आले. म्हणाले, "इंदे, दिवा लाव." दिवा लागलेलाच होता. त्यांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी ते गेले.

आमच्याकडे सुतकाच्या घरापुढे कामाची हाक देत नाहीत. मावशी तेरा दिवस आमच्या दारापुढून मुकाट्याने गेली. पण तेरावं होऊनही हाक आली नाही. मी पडल्या पडल्या ऐकत असे. रजियाचाचीची ओळ संपायची. मग चपलांचा आवाज आमच्या दारापाशी थांबायचा. एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच वेळ काहीच नाही. मग पुढच्या दाराची ओळ. ती जुनी ओळ आता म्हणता येत नव्हती आणि नवी तिला सापडत नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, आम्हाला तिने टोळीतून काढलं.

आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. कुणी ताट पुढे केलं तर दोन घास खायची, नाहीतर तेही नाही. दिवाळी जवळ आली होती, कापूस फुटायला लागला होता. घरात कमावणारं कुणी उरलं नव्हतं. आईला उठवणं मला जमत नव्हतं. शेवटी मी ठरवलं की कॉलेज सोडायचं आणि वेचणीला जायचं. बाबांचा चौकटीचा शर्ट खुंटीवरून काढून धुऊन ठेवला आणि मावशीच्या घरी गेले.

ती अंगणात भांडी घासत होती. मी म्हटलं, "मावशी, मले यायचं हाये उद्यापासून. माही हाक कर."

तिने वर न पाहता सांगितलं, "नाई."

"काहून?"

"तुह्यासाठी हाक नाई माह्यापाशी. अन् करनार बी नाई."

"मंग आम्ही काय करावं?"

"घरी जा. पुस्तक धर."

मी रडत घरी आले. जिला गावातल्या प्रत्येक बाईसाठी शब्द सुचतात, तिला माझ्यासाठी दोन शब्द नाहीत, याचं मला बाबांच्या दुःखातही वेगळं दुःख झालं. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी तिला मनातून शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजियाचाचीची ओळ झाली. चपला आमच्या दारापाशी थांबल्या. मी ती रिकामी जागा संपायची वाट पाहत होते. तेवढ्यात मावशी गाऊ लागली. आवाज खरखरीत, पण चाल तीच:

इंदूच्या लेकीची लांब वाट,
इंदे वं इंदे, पाठ कर ताठ.

आई हलली नाही. मावशीने पुन्हा म्हटलं. गल्लीत बाकीच्या बाया थांबल्या असाव्यात, कारण कुणाचाच आवाज नव्हता. तिसऱ्यांदा म्हणताना मावशीची शीळ मध्येच अडकली आणि तिने तेवढा शब्द पुन्हा म्हटला.

आई भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलली. कितीतरी दिवसांनी तिचं पूर्ण वाक्य मी ऐकलं. "ऐकू आलं. कान फुटले नाईत माहे."

बाहेरून मावशी म्हणाली, "मंग निघ. भाजी मी घेतली दोघींची. पोरीले कॉलेजात जायचं हाये, तिले रांधायले नको लावू."

आई उठली. मी माझ्यासाठी धुतलेला शर्ट तिने घातला, बटणं चुकीची लावली, आणि गेली. मी दारात उभी राहिले. माझ्या हातात काहीच नव्हतं, म्हणून मी आत जाऊन खरोखरच पुस्तक घेतलं.

ती ओळ रोज सकाळी गल्लीत गायली जाऊ लागली. लोक मला विचारू लागले, "काय वं, कुठवर जानार हाये तुही वाट?" मला लाज वाटायची. पण एकदा गावभर गायलेली ओळ मी खोटी कशी पाडणार? बारावी झाले. यवतमाळच्या कॉलेजात नाव घातलं आणि होस्टेलवर राहायला गेले.

तिथे मी आठवतील तेवढ्या ओळी एका वहीत लिहून काढल्या. गावी आल्यावर मावशीला वाचून दाखवल्या. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "बरोबर हाये सारं. पन ह्यात दार कुठं हाये?" मी वहीची पानं उलटू लागले. ती म्हणाली, "एक तू लिहिली नाई."

"कोणती?"

"ढगाची."

मी मुद्दामच लिहिली नव्हती. मावशी अंगणाकडे पाहत बोलत होती. "मी गंमत म्हनून म्हनलं होतं, पोरी. तो लांबून तसाच दिसे, देवासारखा. ते काय असते हे कोनाले मालूम होतं? पन रोज सकायी त्याच्या दारात उभं राहून मीच म्हनत होतो ना. माह्याच तोंडानं त्याच्या पाठीवर ढग ठेवला. तुह्या मायच्या तोंडाकडं मले अजून पाह्यवत नाई."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तुझा काय दोष, बाबांना ती ओळ आवडायची, असं काहीतरी. पण मी वही मिटली आणि चहा प्यायले. घरी येऊन आईला सांगितलं. आई चुलीत लाकूड सरकवत राहिली.

मी दुसऱ्या वर्षाला असताना, वेचणी संपत आली तेव्हा मावशीची छाती भरली. आठवडाभर गल्लीत हाक नव्हती. आईचा फोन आला, "बाई गेली. ये." मी पहाटेच्या पहिल्या गाडीने निघाले.

पोचले तेव्हा मारेगावची लेक आली होती आणि अंगणात तिरडी बांधून झाली होती. सकाळची वेळ, कामावर जायची. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. उचलायच्या आधी रजियाचाची उठली, मावशीच्या पायांशी गेली आणि तिने स्वतःचीच ओळ म्हटली, "रजियाच्या दारी पंपाचा बाजार." पुढचं तिला म्हणवलं नाही. त्यानंतर आईची पाळी होती, हे गल्लीतल्या दारांच्या क्रमाने सगळ्यांनाच माहीत होतं. सगळ्या थांबल्या. एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ काहीच नाही. ती जागा माझ्या ओळखीची होती.

मला वाटलं, आई माझ्या वाटेची ओळ म्हणेल. आई उठली आणि पायांशी न जाता उशाशी गेली, खाली वाकली. तिने आयुष्यात कधी चारचौघांत गायलं नव्हतं. जन्मभर मावशीला 'बाई' म्हणणारी माझी आई तिला एकेरीत, अगदी मावशीच्याच चालीत म्हणाली:

इंदूचा नवरा पाठीवर ढग,
सूर्य आला दारी, फुले, बघ.

मावशीला कुणी हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.