केळुसकर सरांची चौथी टकटक

आमच्या दुकानातल्या कीबोर्डवरची एक कळ किती महाग पडली, तो हिशेब आधी मांडतो. प्रोग्रॅम फुकटचे, कॉम्प्युटर भंगारातून उचललेला. खर्ची पडले ते केळुसकर सरांचे वर्षभराचे रविवार, आणि त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला. चहापलीकडे त्यांनी काही घेतलं नाही.

साकीनाक्याला मी टायपिंगचं दुकान नुकतंच थाटलं होतं. नाहूरला राहणारे हे निवृत्त प्रोग्रॅमर एक अर्ज टाइप करून घ्यायला आले. मला चुका शोधताना पाहून म्हणाले, "डोळे फोडून घेतोयस रे. हे काम बाहेर पाठव ना!"

मग त्यांनी मॅक्रो, म्हणजे एका कळीत बांधलेली कामांची साखळी, बसवला. कळ दाबली की उघडा मजकूर बाहेरच्या तीन प्रोग्रॅमांकडे जायचा. एक शुद्धलेखन बघायचा, दुसरा विरामचिन्हं, तिसरा बोलीतले शब्द पुस्तकी करायचा. तेवढा वेळ पडदा कोरा. मग मजकूर परत. या कळीतून गेल्याशिवाय आमचं एकही पान बाहेर पडत नाही, असं मी साकीनाकाभर सांगत फिरायचो.

माझे कान तिखट. कामं तीन, पण डिस्कची टकटक चार वेळा व्हायची. विचारलं, तर सर म्हणाले, "जुनी डिस्क आहे, कुरकुरणारच."

वेसाव्याच्या कमलताई मासळी विकतात. त्यांचे वडील आमच्या टायपिस्टशेजारी बसून आपल्या आठवणी सांगायचे. सांगून संपल्या आणि महिन्याभरात म्हातारबाबा गेले. टायपिस्टने नेहमीप्रमाणे कळ दाबली, फाइल सेव्ह करून बंद केली. दुसरी प्रत नव्हती.

ताई वाचायला आल्या. पहिलीच ओळ मोठ्याने वाचली, "आम्ही नौका घेऊन समुद्रात गेलो," आणि थांबल्या. मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"यो माजा बा नाय," त्या हळूच म्हणाल्या. "कोन बोलतंय यो?"

मी सरांना फोन केला.

सर आले, ताईंना नमस्कार करून मशीनपाशी बसले. कधी न पाहिलेलं एक फोल्डर उघडलं. कळ दाबल्यावर मजकूर आधी तिथे जसाच्या तसा साठत होता. हिशेबात न बसणारी चौथी टकटक ती. लोकांनी मागाहून खोडलेलं सगळं त्यात जिवंत होतं. राजीनाम्यातल्या शिव्या, मोडलेल्या लग्नाच्या पत्रिकेतली नावं. मी वाकून वाचू लागलो. सर मात्र दुसऱ्याची एक ओळही न वाचता पुढे सरकत राहिले.

"मला सांगितलं का नाही, सर?"

"जागा अडते म्हणून तूच पुसलं असतंस!"

म्हातारबाबांची फाइल मिळाली. टायपिस्टने ऐकलं ते सगळं टिपलं होतं. ताई वाचू लागल्या, "आमी होरी घेऊन दर्यान गेलू…" मध्येच ओळ आली, "थांब गो, पानी दे."

ताई उठल्या. माठापर्यंत गेल्या, पेला भरला, आणि तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सरांनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुधारणं सोपं असतं रे. मूळ कुणीतरी जपायला लागतं."

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी अशीच आमच्या दुकानात बसून आमची खरडपट्टी काढावी, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.

म्हातारबाबांच्या आठवणींचं पुस्तक छापून झालं आहे. त्याच्या एकाही पानावर आम्ही ती कळ दाबलेली नाही.