कुलूपबंद घरातली गाणी
परवा रिमोटचे सेल उन्हात ठेवले आणि भवानी पेठेतली शेजारीण आठवली. पन्नास वर्षं झाली. आमच्या ओळीत ट्रान्झिस्टर फक्त तिच्याकडे. त्याचे सेलसुद्धा सगळ्यांना दिसतील असे उंबऱ्यावर वाळवायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा घाईत ट्रान्झिस्टर चालूच ठेवून, कुलूप लावून ती मोहोळला लग्नाला गेली. रिकाम्या घरात गाणी वाजत राहिली आणि मी दोन दिवस भिंतीला कान लावून बसले. आल्यावर सेल संपलेले बघून तिनं विचारलं, "चालू ऱ्हायला हुता काय गं? आवाज आला?" "न्हाय बाई," मी म्हणाले. तिनं नव्या सेलांना शिव्या घातल्या. तिच्या लेखी ती गाणी वाजलीच नाहीत. आज घरात दोन-दोन रेडिओ आहेत. पण माझ्या एकटीची अशी गाणी तेवढीच.