धोंडी बसला

कशेळ्याच्या धोंडी भोईरच्या पायाला जन्मापासून भिंगरी. स्वतःच्या लग्नात तो बोहल्यावरून तीनदा उठला, बैलांना कुणी पाणी दाखवलं का ते बघायला. तिसऱ्या वेळी नवरी म्हणाली, "उपरण्याची गाठ सोडू नका, मीबी येते." आणि मुंडावळ्या सावरत ती गोठ्यापर्यंत गेलीसुद्धा. तीच ठकी. अशा माणसाचा संसार तिच्यावाचून दुसरीला जमला नसता.

गवताच्या गाड्या नेरळ स्टेशनाला पोचवायच्या, हा धोंडीचा धंदा. पेंढ्याही बांधायचा त्या चालता चालता. पण दोन श्रावणांमागे तो एका जागी पुरे दोन दिवस थांबला होता. डोंगराकडची ठाकरवाडी आणि कशेळं यांच्यामध्ये ओढा आहे. पलीकडे जैतू ठाकराची सून आवडी अडलेली, अलीकडे तिला दवाखान्यात न्यायला धोंडी गाडी जुंपून तयार, आणि मधे पाणी. पाणी उतरलं तोवर बाई वाचली, मूल गेलं. त्या दिवसापासून धोंडीला रिकामं राहणं सोसेना. ओढ्यावर साकव हवा, लहानसा का होईना पूल हवा, एवढं एकच डोक्यात.

लोकलबोर्डाचे मेंबर होते नानासाहेब. नऊ वर्षं तेच. धोंडी अर्ज घेऊन गेला की ते म्हणायचे, "बसा, धोंडीबा. चहा घ्या." धोंडी तीनदा बसला, तीनदा चहा प्यायला. चौथ्यांदा त्यानं पाहिलं, त्याच्या पहिल्या अर्जावर नानासाहेबांच्या पानाचा डबा ठेवलेला होता.

तो तडक बाजारात झाकीरच्या दुकानात शिरला. झाकीर सुकट-बोंबील विकायचा, पण कशेळ्यातले निम्मे अर्ज त्याच्याच हातचे. कागदाला वास आला की कचेरीत ओळखायचे, हा कशेळ्याचा.

"झाकीरभाय, नानासाहेबाच्या समोर उभं राहायचं म्हंजे काय करायचं रं?"

"फॉर्म भरायचा आन् मतदारांच्या दारोदार हिंडायचं."

"हिंडायचंच तर उभा का म्हनतात?"

"तू सही कर. अक्कल मागाहून पाजळ."

ठरावीक रकमेच्या वर शेतसारा भरणाऱ्यालाच तेव्हा मत. वाडीवर एकालाही नव्हतं. त्यामुळे ज्यांना साकवाची गरज त्यांच्याकडे मत नाही, आणि ज्यांच्याकडे मत त्यांना ओढा ओलांडायचा नाही, असा मामला. धोंडी दारोदार जाऊन सांगायचा, वाडीचा मध, हिरडा, मजूर हे सगळं त्या ओढ्यातून तुमच्या दारी येतं. पावसाळ्यात लावणीला माणूस मिळत नाही म्हणून बोंबलता, तो त्या काठावर अडकलेला असतो. हे मात्र लोकांना पटायला लागलं.

मतदानाला तीन दिवस राहिले. सकाळपासून चार गावं पालथी घालून धोंडी एका ओट्यावर टेकला आणि फडक्यातली भाकरी सोडली. समोरून नानासाहेबांचा कारकून गजा सायकलीवरून गेला. रामराम घालून गेला. धोंडी पुढच्या गावात पोचला तर चावडीवरची माणसं हसायला लागली.

"का रं धोंडीबा, शेवटाला बसलास म्हनं?"

"कोन म्हनतो?"

"गजा कारकून. देवाशप्पथ सांगत होता, माज्या डोळ्यांनी बगितलं, धोंडी बसला."

"अरं, भाकरी खायला बसलो."

"असंल. पन बसलास ना?"

आता यात खोटं काय काढणार? इलेक्शनात 'बसला' म्हणजे त्यानं नाव मागं घेतलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. धोंडी तसाच उलटा पळाला. पण बातमी सायकलीवर आणि हा पायी. जिथं जाईल तिथं बातमी आधी पोचलेली. एका म्हातारबानं तर त्याच्या पाठीवर हात फिरवला, "बरं केलंस. मोठ्यांच्या नादी लागू नये."

संध्याकाळी झाकीरच्या दुकानात तो येरझाऱ्या घालत होता. झाकीर म्हणाला, "तोंडानं सांगून कोन मानत नाय. आता मतदानाच्या दिवसापर्यंत बूड टेकू नको. लोकांनी डोळ्यांनी बगितलं पायजे."

"आन् झोपायचं कसं? आडवा झालेला चालंल ना?"

झाकीरनं तराजू खाली ठेवून विचार केला. "नाय चालायचं. आडवा म्हंजे पडला. बसन्यापरीस पडला हे वाईट."

झालं. धोंडी उभा राहिला, तो उभाच. जेवण उभ्यानं. ठकी म्हणाली, "ताट कुटं ठेवू, डोक्यावर?" मग तिनंच गाडीचं जू उंच बांधून त्यावर ताट ठेवलं. झोप म्हणजे भाताच्या भाऱ्यांच्या उडवीला पाठ लावून जेवढे डोळे मिटतील तेवढी. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या सुजल्या, तरी गावं हिंडणं सुरूच. चालताना बरं वाटायचं, थांबलं की गुडघे लटपटायचे. मनात एकच धास्ती, कुठं भोवळ येऊन बसलो तर? त्याला उंबरठे, दगड, बांध सगळे 'ये, ये' म्हणताना दिसायला लागले. लोक बघायला जमू लागले. कशेळ्यात उभा माणूस आहे, ही खबर पार खालापुरापर्यंत गेली. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे गळू झालंय.

तिसऱ्या दिवशी जैतू वाडीवरून उतरला. हातात खांद्याएवढी काठी, वर फांदीचं बेचकं. बेचकं धोंडीच्या काखेत बसवलं, दोन पावलं मागं सरून बघितलं आणि म्हणाला, "आता नाय पडायचास."

मतदान शाळेत होतं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं साहेबाच्या कानात नाव सांगायचं. बाहेर आंब्याखाली उमेदवारांना दोन खुर्च्या. एकीवर नानासाहेब. मतदारांची रांग समोर, आणि सगळ्यांचे डोळे दुसऱ्या खुर्चीवर.

"बसा, धोंडीबा," नानासाहेब हसून म्हणाले. "किती त्रास घ्याल?"

धोंडीनं काखेतली काठी घट्ट धरली. खुर्ची अगदी मांडीला लागलेली.

"तीनदा बसलो की नानासायेब तुमच्यापुडं," तो म्हणाला. "पानाच्या डब्याखाली अजून असंल अर्ज."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू रांगभर गेलं.

कर्जतला मोजणी झाली. धोंडी अकरा मतांनी निवडून आला. पण बसला नाही. बोर्डाच्या पहिल्या सभेत अध्यक्ष म्हणाले, सभासदांनी बसून घ्यावं. धोंडी म्हणाला, "साकवाचं आधी घ्या. मी बसलो की बातमी वाडीवर जाती." दुसऱ्या सभेला तेच. तिसऱ्या सभेला साकव पास झाला, बहुधा त्याच्याकडे बघून इतरांचेच पाय दुखायला लागले होते.

पुढच्या मृगाआधी साकव उभा राहिला. दगडी खांब, वर सागाच्या फळ्या. गवंडी गेल्यावर धोंडी एकटाच मधोमध गेला. दोनदा पाय आपटून बघितले, आणि पाय खाली सोडून चक्क बसला. डोळे मिटले.

ते वरून लाकडं घेऊन येणाऱ्या चिंधी ठाकरणीनं पाहिलं. मोळी तिथंच टाकून ती वाडीवर ओरडत गेली, "धोंडीबा बसला."

घटकाभरात सगळी वाडी धावत साकवावर. पुढं काठी टेकत जैतू, मागं आवडी, कडेवर नवं मूल. सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

"काय रं, मेंबरकी सोडलीस?" जैतूनं विचारलं.

"नाय रं बाबा. जरा टेकलो."

"मंग वरल्या वाडीच्या इहिरीचं कोन बगनार?" आवडी म्हणाली. "बायका दोन कोस पानी वाहतात."

धोंडीनं तिच्या कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. जैतूच्या खांद्याला धरून उठला, धोतर झटकलं.

"चला," तो म्हणाला. "आदी जागा दावा."