गजराबाईचा तिरका पाईप

मुरुम गावच्या शिवारात पाईपलाईन टाकायची तर गजराबाईला बोलवायचं आणि तिची बोलणी खायची, हे ठरलेलंच. पूर्वी नवरा पाईप कापायचा, ती जोडाला सोल्युशन लावायची. नवऱ्याचे गुडघे गेले तशी करवत तिच्या हातात आली. तोंडाला धार आधीपासूनच होती.

महालिंगप्पाच्या माळावरची सीताफळं वाळत होती. विहिरीतलं पाणी टाकीत पोचेपर्यंत करंगळीएवढं उरायचं. पाईप मात्र दृष्ट लागावी असा! रिवाजाप्रमाणे बांधाबांधानं उघड्या चरातून गेलेला, कोपऱ्याकोपऱ्यावर काटकोनी एल्बो, मध्येच ओढ्यात उतरून पुन्हा वर चढलेला.

"मोठी मोटार बसवू," महालिंगप्पाचा इंजिनिअर पुतण्या श्रीनाथ म्हणाला.

"आधी तू पानी हो," गजराबाई म्हणाली. "चाल पायपासंगं. एल्बो आला की तेवढं वळ."

श्रीनाथ निघाला. आडव्या वळणाला पाय वळवले, उभ्या वळणाला कंबर. डिग्री कुठंच कामी येईना. अकराव्या एल्बोला तो मटकन खाली बसला.

"अकरा काटकोन म्हंजे पावणेतीन गिरक्या. तुला चक्कर आली, पान्याला येत न्हाय व्हय?"

मग तिनं बेत सांगितला. बांध सोडायचा, महालिंगप्पाच्याच रानातून तिरकं जायचं. चढ आणि वळण एकाच तिरक्यात घ्यायचं. ओढ्यात उतरायचंच नाही, दगडी खांबांवरून थेट पलीकडं. अर्ध्या काटकोनाचे चार बेंड, मिळून अर्धी गिरकी.

"हवेतनं?" महालिंगप्पा हादरला. "मावशी, गाव हसंल. पाईप जमिनीतच असतोय."

"जमिनीत भुईमुगाच्या शेंगा असत्यात, आप्पा. पानी न्हाय आलं, तर ही करवत तुमच्याम्होरं मोडीन. पुन्ना पायपाला हात लावनार न्हाय."

गाव हसलंच. लोक ओढ्यावर 'गजराबाईचा झोपाळा' बघायला येऊ लागले. ती खांबावर उभी राहून एकेकाला नावानिशी विचारायची, "तुझ्या पायपाला किती गिरक्या रं?"

आठव्या दिवशी मोटार सुरू झाली. टाकीपाशी वाकून बघणाऱ्या महालिंगप्पाच्या तोंडावर मनगटाएवढी धार आदळली, टोपी टाकीत गेली.

"मावशी, लई भारी!" तो निथळत म्हणाला आणि खिशातून एक नवाकोरा एल्बो काढला. "आता शेवटाला एवढा काटकोन लावा. धार खाली पडंल, दिसायबी बरं."

"लावा की. फकस्त ही लाईन गजराबाईनं टाकली म्हनून कुनाला सांगू नका."

महालिंगप्पानं एल्बो खिशात घातला आणि टोपी काढायला टाकीत उतरला.