भाकरी टाक!

शिमोन गेल्याचं मावशीने मला फोनवर मराठीत सांगितलं आणि मी तिला हिब्रूत उत्तर दिलं. किती वाजता नेणार, एवढंच विचारलं होतं. मग ती म्हणाली, "तू पण रे?…" आणि फोन शिमोनच्या बायकोच्या, ओर्लीच्या हातात गेला. आम्हा ज्यूंत माती शक्यतो त्याच दिवशी देतात, त्यामुळे रडायला फुरसत नसते, आधी बस पकडावी लागते. हैफाच्या ज्या शाळेत मी गणित शिकवतो तिथून तसाच निघालो. मावशीच्या गावच्या, नेतिवोतच्या या रस्त्याने गेल्या काही वर्षांत मी इतक्यांदा मातीला गेलो आहे की कुठल्या वळणावर निलगिरीची झाडं संपतात आणि कुठे धूळ सुरू होते ते डोळे मिटूनही सांगता येईल. पण ती सगळी म्हातारी माणसं होती. शिमोन माझ्या वयाचा. आणि माझ्या वयाच्या माणसांत माझ्याशी मराठी बोललेला तो एकटाच.

बोललेला म्हणजे तरी काय. आम्ही मुंबई सोडून इथे आलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, मराठी शाळेतून उचलून आणलेला, हिब्रूचं एक अक्षर न येणारा. मावशीचं घर नेतिवोतला, तिचा हा मुलगा, शिमोन, इथेच जन्मलेला. मावशी त्याला मराठीत विचारी, तो हिब्रूत उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. रस्त्यात मात्र त्याला वाटे. बाजाराच्या पिशव्या घेऊन येणारी मावशी लांबूनच हाक मारी, "शिमोन, ये रे, एक पिशवी धर!" तो धावत जाऊन पिशवी घेई आणि दबक्या आवाजात हिब्रूत म्हणे, "आई, इथे नको ना." आजूबाजूला बहुतेक मोरोक्कोहून आलेल्यांची मुलं. आम्ही त्यांच्या लेखी 'होदी', म्हणजे हिंदी, भारतातले. शिवी नव्हती ती, पण प्रेमाने घेतलेलं नावही नव्हतं.

बसस्थानकाच्या मागे शीतपेयं आणि सूर्यफुलाच्या बिया विकणारं एक दुकान होतं. त्याच्या आतल्या अंगाला मारामारीच्या खेळाचं यंत्र. उभं लाकडी कपाट, त्यात पडदा, खाली दोन दांडे आणि रंग उडालेली बटणं. आपला गडी निवडायचा, समोरच्याने त्याचा, आणि एक जण आडवा होईपर्यंत झुंजायचं. शिमोनला सगळ्या चाली पाठ होत्या, पण त्याचा हात घाई करायचा. माझी जीभ जड होती, हात मात्र सांगितलेलं ऐकायचे. म्हणून मी खेळू लागलो आणि तो माझ्या खांद्यामागे उभा राहून सांगू लागला. मला हिब्रू कळत नव्हतं, तेव्हा त्याला मराठीत सांगणं भाग होतं. आणि त्याचं मराठी म्हणजे मावशीने त्याला जन्मापासून दिलेले हुकूम. दुसरं त्याच्याजवळ होतंच काय! "सरक… सरक… गप्प राहा… आता वाढ!" वाढ म्हणजे ठोसा. लांब केसांचा एक काटकुळा गडी दोन्ही हात पुढे करून आगीचा चपटा गोळा फेकायचा, तो आमचा लाडका. त्या गोळ्याला शिमोनने बघताक्षणी नाव दिलं. "भाकरी टाक!" समोरच्याचा गडी आडवा झाला की शिमोन त्या मुलाच्या कानाशी वाकून अगदी मावशीच्या आवाजात विचारी, "जेवलास?"

आम्ही हरेनासे झालो. कारण आम्ही काय ठरवतो ते कोणालाच कळत नव्हतं. एकदा एका मुलाने वैतागून दुकानदाराकडे तक्रार केली, "हे दोघे हिंदीत बोलतात! ही लबाडी आहे!" दुकानदार बिया फोडत म्हणाला, "मग तू तुझ्या आजीच्या मोरोक्कीत बोल. कोणी अडवलंय?" मुलगा परत यंत्राकडे वळला. त्यालाही ती येत नव्हती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथली सगळीच पोरं तो गोळा सुटला की "बाख्री!" म्हणून ओरडू लागली होती. शिमोन मला कोपराने ढोसून हसे. त्या कपाटासमोर त्याला मराठीची लाज वाटत नसे… दाराबाहेर पडलं की पुन्हा हिब्रू.

मग ते यंत्र कधीतरी गेलं. आम्ही सैन्यात गेलो, परत आलो. मी उत्तरेला हैफात, तो थेट दक्षिणेच्या टोकाला, एलातला, हॉटेलांची वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करायला. त्याने ओर्लीशी लग्न केलं, मुलगी नोआ झाली. मधून मधून त्याचा फोन यायचा. सगळं बोलणं हिब्रूत, फक्त शेवटी "जेवलास?" मी "जेवलो" म्हटलं की फोन बंद. त्याला मी कधी मराठी पुस्तकांविषयी सांगायचा प्रयत्न केला, तर तो म्हणायचा, "मला वाचायला कशाला लावतोस, मला ऐकायलाच पुरे झालं." मी चिडायचो. आपली भाषा अशी चार हुकुमांवर कशी जगेल, असं मला वाटायचं. आजही वाटतं, फक्त चिडायची ताकद राहिलेली नाही.

आजारी पडल्यावर तो बायको-मुलीला घेऊन मावशीकडे परत आला, हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून. शेवटचं भेटलो तेव्हा तो सोफ्यावर रजई घेऊन पडला होता. इतका वाळलेला की रजईखाली कोणी आहे असं वाटू नये. जमिनीवर बसून नोआ टीव्हीवर तोच खेळ खेळत होती, घरी जोडायच्या डब्यावर. कुठूनतरी जुना मिळवला होता त्याने. स्वतःच्याने खेळवत नव्हतं, म्हणून तो मागून सांगत होता. "सरक… वाढ!" आणि सहा वर्षांची ती पोर दात-ओठ खाऊन ओरडत होती, "बाख्री ताक!" मला बघून ती हिब्रूत म्हणाली, "अब्बाला जपानी येतं, माहीत आहे? मलापण येतं." मी शिमोनकडे पाहिलं. त्याने डोळा मारला. मुलगी पाणी प्यायला गेली तसा हळू आवाजात म्हणाला, "सफ्ताची, आजीची भाषा म्हटलं तर ती शिकेल का? मी शिकलो होतो का? खेळ जपानी, म्हणून भाषाही जपानी… आईला सांगू नकोस." मी विचारलं, "मग दोघी कधी बोलणार एकमेकींशी?" त्याने दमून डोळे मिटले.

माझ्या मनात तेच राहिलं होतं. मावशीला बाजाराचं आणि दवाखान्याचं हिब्रू येतं, नोआला दुसरं काही येत नाही. ओर्ली दुकानात कामाला जाते, दुपारभर घरात या दोघीच असतात. मध्ये उभा राहणारा माणूस गेला. सुतकाचे, जमिनीलगत बसण्याचे सात दिवस संपल्यावर मी निघालो, तेव्हा मावशी स्वयंपाकघरात होती आणि मुलगी बाहेरच्या खोलीत, आणि दोन्हीकडून काहीही ऐकू येत नव्हतं.

महिन्याच्या प्रार्थनेला परत गेलो. कबरीवरून आलो, लोक पांगले. नोआने डबा सुरू केला आणि टीव्हीला अगदी नाक लावून बसली. मावशी चहाचे कप उचलायला आली, तिच्याकडे बघितलं आणि सवयीने म्हणाली, "मागे सरक गो, डोळे जातील." पडद्यावरचा गडी झटकन एक पाऊल मागे सरला. समोरच्याची लाथ हवेतून गेली. नोआ खेळ तसाच सोडून वळली आणि हिब्रूत भराभरा म्हणाली, "सफ्ता, तुलापण जपानी येतं?"

मावशीला ते नीट ऐकू आलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते रे ही?"

"विचारते," मी म्हणालो, "तुला येतं का म्हणून."

"येतं की!" मावशी म्हणाली. हातातले कप तिने टीव्हीवरच ठेवले आणि गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश, नोआच्या शेजारी खाली बसली.