तांबड्या रश्श्याची ट्रायल

वडिलांच्या जुन्या फटफटीचा पुढचा शॉकअप तेल गाळतो आणि आमच्या गल्लीतला मिस्त्री तो खोलून नीट करतो. मग ट्रायल, तीही नेमकी जेवणाच्या वेळी. हँडलला किटली अडकवून तो खड्ड्याखड्ड्यांतून खानावळीतला तांबडा रस्सा आणतो. "रस्सा सांडला न्हाय, म्हंजे काम पास!"

परवा तो परतला, तर शॉकअपच्या नळीवर लाल तेलाचा ओघळ. मी भडकलो. "अहो, गळतंय की अजून!"

त्यानं ओघळावर बोट फिरवलं, चाटलं आणि डोळे मिटले.

"रस्सा हाय ह्यो. किटलीचं झाकण ढिलं हुतं. इस्वास न्हाय? चाटून बघा की, पावणं!"

अख्खी गल्ली बघत होती. मी चाटलं.

मीठ कमी होतं, पण शॉकअप पास झाला.