पाकीट कोण सांभाळणार

फुकेतला समुद्रावरच्या रस्त्यात बिअर केवढ्याला पडते, रिक्षासारखी ती लाल गाडी भाडं किती सांगते आणि किती घेते, मागच्या गल्लीत तोच भात आणि तेच मासे निम्म्या पैशांत कुठे मिळतात, हे सगळं सांडोरच्या व्हिक्टर तुस्कानोला तोंडपाठ होतं. चोवीस वर्षं त्याने प्रवासी जहाजांवरच्या बारमध्ये काढली. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर, आणि ते जहाज दर आठवड्याला एकदा फुकेतसमोर नांगर टाकून उभं राहायचं. उतारू होड्यांतून बेटावर जात, पहाटे परत येत, आणि राहिलेली तहान व्हिक्टरच्या काउंटरवर भागवत. त्यांच्या तोंडून ऐकलेले भाव त्याच्या डोक्यात पक्के बसले होते. आता ते जुने झाले, म्हणून त्याने एका जुन्या सोबत्याला फोन करून नवे मागवून घेतले. कारण काम लेकीचं होतं.

जेनिफर, त्याची थोरली, एकतीस वर्षांची. विरारच्या एका इस्पितळात बिलांच्या खिडकीत बसते. धाकट्या भावाची कॅनडातली फी तिने भरली, घराचं छप्पर तिने बदललं. आयुष्यात पहिल्यांदा ती सुट्टीवर निघाली होती, फुकेतला. ती धरून शाळेतल्या पाच मैत्रिणी, सहा रात्री. नताशाचं जानेवारीत लग्न, त्याआधी एकदा मनसोक्त नाचून घ्यायचं, असा बेत. तिकिटं झाली होती, हॉटेल झालं होतं. वर खर्चायला किती न्यायचे, एवढाच प्रश्न होता, आणि तो घेऊन रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर पाचही जणी व्हिक्टरच्या ओटीवर येऊन बसल्या.

व्हिक्टरने चष्मा लावला, दुखरा गुडघा लांब केला आणि मांडीवर कागद घेतला.

"अंकल, डोई चाळीस हजार पुरतील ना?" नताशा म्हणाली. "फक्त मजेचे हं."

"मजा किती वाजेपर्यंत?"

"अंकल!"

"हसू नका. बाराला परतणाऱ्याला वीसही उरतात. चारला परतणाऱ्याला साठ पुरत नाहीत."

"दोन लिहा," सुरुची म्हणाली. "माझ्या आईला मी बारा सांगितलंय, सँड्राला चार हवेत. मध्ये दोन."

व्हिक्टर लिहीत गेला. जेवण. गाडी. क्लबच्या दारातले पैसे. पेले, रात्रीला तीन. मग अशा गोष्टी यायला लागल्या, की मुली कागदावर वाकून वाचायला लागल्या.

"चप्पल? चप्पल कशाला?"

"पाच जणींत दोन जोड जाणार. वाळूत काढता, नाचता, परत येता तर तिथे दुसरीच कुणाची तरी."

"आणि पाण्याला एवढे?"

"पिणाऱ्यालाच पाणी जास्त लागतं. हॉटेलातलं घेऊ नका. कोपऱ्यावरच्या दुकानातून संध्याकाळीच बाटल्या आणून ठेवा. रात्री तीनला कुणी खाली उतरत नाही. खोलीतली बाटली फोडतात आणि सकाळी बिल बघून बोंबलतात."

"आणि हे? 'अनोळखी लोक'?" बेलाने बोट ठेवलं.

"दुसऱ्या पेल्यानंतर माणूस उदार होतो. शेजारच्या टेबलाला पाजतो. आजवर चुकलेलं पाहिलं नाही. धरलेलं बरं."

"ते सगळे सँड्राच्या नावावर टाका," नताशा म्हणाली आणि सँड्राने तिला चापट मारली.

आतून प्रिसिला सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची बशी घेऊन आली. नवऱ्याला कागदापुढे बघून तिला राहवलं नाही. "ह्याला विचारता होय, पोरींनो? हा माणूस इतकी वर्षं त्या बेटासमोर उभा होता. मला तिथून आणलं काय? तर चहाचा मग. त्याच्यावर हत्ती."

"चांगला मग होता तो."

"कान तुटला त्याचा पहिल्या आठवड्यात. मगाचाही आणि हत्तीचाही."

मुली हसून लोळल्या. व्हिक्टरही हसला, बेरीज केली, पुन्हा तपासली. डोई रोजचे अडीच हजार बाट, सहा दिवसांचे पंधरा हजार, म्हणजे रुपयांत चाळीसच्या आसपास. नताशाचा अंदाज बरोबर निघाला होता. फक्त उधळायला जेवढं तिने धरलं होतं, तेवढंच आता चपला, पाणी आणि अनोळखी लोक यांच्यात वाटलं गेलं होतं.

"मग झालं," नताशा टाळी वाजवून म्हणाली. "वेगवेगळे नकोत, घोळ होतो. सगळ्यांचे एकत्र करू, एकच पाकीट. जेनी सांभाळेल."

"हो, जेनीच," बेला म्हणाली.

"म्हणजे आपण निवांत," सँड्रा म्हणाली.

आणि जेनिफर म्हणाली, "द्या माझ्याकडे."

व्हिक्टरचं पेन कागदावर थांबलं.

जेनी सांभाळेल. हे शब्द त्याने पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मावसबहिणीचं लग्न, हॉल माणसांनी भरलेला, वधूवरांपाशी पाहुण्यांची रांग. पाहुणा हात मिळवतो आणि आहेराचं पाकीट देतो. ती पाकिटं ठेवायला वधूवरांच्या मागे कुणीतरी पिशवी घेऊन उभं लागतं. कुणीतरी म्हणजे घरचं, विश्वासाचं, आणि जागचं न हलणारं. कुणीतरी म्हणालं, जेनी सांभाळेल. त्या दिवसापासून नात्यातलं एक लग्न असं झालं नाही की ती पिशवी जेनीच्या छातीशी नव्हती. बँड वाजायचा, जोडपी उठायची, म्हातारेकोतारेसुद्धा दोन पावलं टाकायचे. ती स्टेजच्या कोपऱ्यात. कुणी आठवण ठेवली तर बशीत भरून जेवण तिथेच यायचं.

आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बाटल्यांच्या टेबलामागे, व्हिक्टर. जहाजावरून कायमचा परतला तेव्हा गावाला वाटलं, बरं झालं, आता लग्नात दारू कोण ओतणार हा प्रश्न मिटला. व्हिक्टर बघेल. तोही कधी नाही म्हणाला नाही. बाप एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सगळा गाव नाचतोय. नाटक रंगात आलेलं असताना काही माणसं रात्रभर विंगेतच उभी असतात. दोऱ्या त्यांच्या हातात असतात, पडदा त्यांच्यामुळे पडतो, पण उजेड त्यांच्यावर येत नाही. स्वतःबद्दल व्हिक्टरला त्याचं काही वाटत नसे. स्वतःची सवय झाली होती. लेकीची होत नव्हती.

मुली गेल्या. फाटक वाजलं, स्कूटर दूर गेल्या. ओटीवर चहाचे कप तसेच पडले होते.

"पाकीट घेऊ नकोस," व्हिक्टर म्हणाला.

जेनिफर कागद घडी करत होती. "का?"

"सुट्टीवर चालली आहेस का कामावर?"

"कुणीतरी धरायला पाहिजे ना, डॅडी. नताशाकडे दिलं तर पहिल्या रात्रीच खलास."

"होऊ दे. तुझे पंधरा हजार तू वेगळे ठेव."

"आणि संपल्यावर त्या माझ्याकडेच आल्या तर?"

"नाही म्हण."

"तू कधी म्हणालास?"

व्हिक्टरने चष्मा काढला. थकलेला माणूस हट्टाला पेटला की ऐकलेलं बाजूला सारतो. "त्या तुझा उपयोग करून घेतात, जेनी. तुला कळत नाही. लहानपणापासून बघतोय मी. पिशवी तुझ्या गळ्यात टाकतात आणि स्वतः..."

"कुणी टाकत नाही!"

तिचा आवाज एवढा चढला की आत भांडी थांबली.

"कुणी टाकत नाही, डॅडी. मी मागून घेते. मावसबहिणीच्या लग्नात ती पिशवी आधी ज्युलीकडे होती, मी जाऊन तिच्या हातातून घेतली. तू दुरून बघतोस, तुला वाटतं बिचारी. पिशवी नसली तर मी हात कुठे ठेवू, सांग? त्या सगळ्या उठून नाचायला जातात. मला येत नाही. मी खुर्चीवर बसते. मग कुणीतरी आंटी येऊन शेजारी बसते आणि विचारते, काय ग, तुझं कधी? पिशवी असली की कुणी विचारत नाही. पिशवी असली की मी कामात असते." ती थांबली. "तिथे सहा रात्री आहेत. सहा रात्री मी काय करू?"

व्हिक्टरने गुडघा चोळला. जहाजावरची नोकरी सोडून तेरा वर्षं झाली होती. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

"मी एकदा गेलो होतो," तो म्हणाला. "फुकेतला. आत."

"क्लबमध्ये? तू?"

"इंजिन बिघडलं होतं. जहाज आणखी एक रात्र थांबलं. साहेबाने आम्हाला सुट्टी दिली, सकाळी सहाला परत या म्हणाला. एवढ्या वर्षांत ती एकच रात्र. मी दोन हजार बाट मोज्यात घातले आणि पोरांबरोबर गेलो. ठरवलं होतं, आज सगळे उडवायचे. दारात पैसे भरले, हातावर शिक्का मारून घेतला. आत काय तो आवाज, जेनी. जमीन हलत होती. पोरं एका मिनिटात गर्दीत नाहीशी झाली. मी काउंटरपाशी उभा."

"मग?"

"मग काय. कुणीतरी माझ्याजवळ रिकामा पेला ठेवला. मी तो जरा बाजूला सरकवला, पडेल म्हणून. मग आणखी एक आला. टेबल ओलं होतं, ते कागदाने पुसलं. समोरच्या टेबलावर पाच-सहा पेले नुसते पडले होते, कुणी उचलत नव्हतं. मला बघवेना. अर्ध्या तासात मी दोन्ही हातांच्या बोटांत आठ-आठ पेले अडकवून गर्दीतून ये-जा करत होतो."

जेनिफरचा हात तोंडाकडे गेला.

"चारपर्यंत. काउंटरवर एक थाई बाई होती, माझ्याच वयाची. बिचारी एकटी पडली होती. निघताना तिने हात जोडले आणि मला वीस बाट दिले."

"आणि तू?"

"घेतले."

जेनिफर हसायला लागली. हसता हसता पुढे वाकली, मग तिचं हसणं मध्येच कुठेतरी विरलं आणि ती तशीच वाकून राहिली.

आतून प्रिसिला म्हणाली, "हे मला नाही कधी सांगितलंस!"

"तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू वीस बाटांवरून बोलली असतीस."

"बोललेच असते. चाळीस मागायचे होतेस."

व्हिक्टर हसला नाही. "मला एकच रात्र होती, जेनी. ती तशी गेली. तुला सहा आहेत. पहिल्या रात्री तू पेलेच गोळा करशील. दुसऱ्याही रात्री करशील. काही हरकत नाही. तिसऱ्या रात्री कदाचित कंटाळा येईल."

"आणि नाहीच आला तर?"

"तर बसून राहा. नाचलंच पाहिजे असं कुठे आहे? रिकाम्या हाताने बसून राहणं, तेही शिकावं लागतं. मला अजून नाही जमलं. पण पाकीट घेतलंस तर तुला ते शिकायलाच मिळणार नाही. सहाही रात्री बिलांची खिडकी उघडी."

बोलता बोलता त्याने ओटीवरचे चार कप उचलले होते. एकेका बोटात एकेक कान.

"डॅडी," जेनिफर म्हणाली. "कप खाली ठेव."

त्याने हाताकडे पाहिलं. खाली ठेवले.

तिने फोन घेतला, नताशाचा नंबर लावला. नताशा अजून गिरीजच्या वळणावरही पोचली नसेल, मागून वाऱ्याचा आवाज येत होता.

"नताशा, पाकीट तू ठेव."

"मी? वेडी झालीस? मी दुसऱ्या रात्री रिकामं करीन!"

"मग सुरुचीला दे. मी नाही सांभाळणार."

"का पण? काय झालं? अंकल काही बोलले का?"

व्हिक्टरने मान वळवून केळीच्या बागेकडे बघायला सुरुवात केली. कारण सांगणं सोपं होतं. इस्पितळाची ड्युटी, डोकं, काहीही. जेनिफरने पाचेक सेकंद तसं एखादं कारण शोधलं, आणि मग ते सांगितलं नाही.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "नकोय मला."

पलीकडे स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

"बरं," नताशा शेवटी म्हणाली. आवाज थोडा दुखावला होता, थोडा बावरला होता. "मी ठेवते. पण संपले तर ओरडू नकोस हं."

"ओरडणार नाही. पेज खाऊ."

फोन बंद झाला. जेनिफरने तो पायरीवर उलटा ठेवला. मग दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ते दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी त्यांच्याकडे बघत बसली. चेहऱ्यावर आनंद वगैरे नव्हता. ओझं उतरवल्यावर खांदा आधी दुखतो, तसं काहीतरी होतं.

आतून प्रिसिलाने विचारलं, जेवायला घेऊ का. दोघांपैकी कुणीच उठून मदतीला गेलं नाही.